मोठ्या अक्षरातलं पवित्र शास्त्र : आईसाठी घेतलं, तीन महिने रोज वाचलं

आधी वस्तूबद्दल सांगतो, कारण घेणाऱ्याला पहिल्यांदा तेच हवं असतं.

मोठ्या अक्षरातलं मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, जुना आणि नवा करार मिळून एकच ग्रंथ. भाषांतर तेच, जे आपल्या बहुतेक प्रोटेस्टंट घरांत आणि मंडळ्यांत वाचलं जातं. काळं रेक्झिनचं जाड कव्हर, पानांच्या कडा साध्या, खूण ठेवायला एक लाल फीत. घरच्या काट्यावर ठेवलं तर दोन किलोला थोडं कमी भरलं. सातशे रुपयांच्या आत मिळालं. आमच्या नगरमध्ये (आता अहिल्यानगर, पण जिभेवर नगरच बसलंय) ज्या दुकानात गेलो तिथं मोठं अक्षर शिल्लक नव्हतं. मागवून घ्यावं लागलं आणि यायला सव्वा महिना गेला. आलं तेव्हा खालचा एक कोपरा दुमडलेला होता. दुकानदार बदलून देतो म्हणाले, पण आईला आणखी सव्वा महिना थांबवायची माझी तयारी नव्हती. कोपऱ्यावर दोन दिवस पाटा ठेवला, बराच सरळ झाला.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचा पडदा खराब आहे. तिची जुनी प्रत लग्नातली. ती तिला भिंगातूनही दिसेना तेव्हा वाचन बंद पडलं. फोनवर ऐकायची सोय करून पाहिली. माझ्या मुलीनं आजीला मराठी बायबलचं वाचन लावून दिलं. आईनं आठवडाभर ऐकलं आणि म्हणाली, "वाचणारा थांबतच नाही गं. मला मधेच थांबायचं असतं." तेव्हा ठरवलं, मोठं अक्षर आणायचं.

अक्षर खरोखर मोठं आहे. नुसता आकार वाढवलेला नाही, दोन ओळींमध्ये जागाही सोडलेली आहे, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकत नाही. म्हाताऱ्या डोळ्यांना सगळ्यात जास्त छळतात ती जोडाक्षरं. आईच्या जुन्या प्रतीत 'विश्वास'मधला 'श्व' म्हणजे शाईचा ठिपका झाला होता. इथं तो 'श्व' सुटा, स्वच्छ दिसतो. पहिल्या दिवशी तिनं बोट त्याच शब्दाखाली धरलं आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचला: वि-श्वा-स. मग माझ्याकडे पाहून हसली. दीड वर्षानं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेला तो पहिला शब्द.

पानावर दोन रकाने आहेत, ओळ आखूड आहे, म्हणून नजर पुढच्या ओळीवर उतरताना चुकत नाही. कागद मात्र पातळ. मागच्या पानाची छपाई पुढे दिसते आणि कमजोर डोळ्याला त्याचा त्रास होतो. त्यावर उपाय सापडला: वाचायच्या पानामागे काळा कागद सरकवायचा. मागची अक्षरं जवळजवळ नाहीशी होतात. पोरांच्या हस्तकलेच्या सामानातला काळा कार्डशीट पानाएवढा कापून घेतला, तो आता ग्रंथातच असतो. वजनामुळे मांडीवर धरवत नाही, लाकडी घडवंची लागतेच. ती वेगळी घ्या, ग्रंथाबरोबर येत नाही.

एवढं सांगून परीक्षण संपवता आलं असतं. पण या प्रतीनं आमच्या घरात जे केलं ते वजनकाट्यावर मोजण्यातलं नाही, आणि मला तेच सांगायचंय.

मला शब्बाथ शाळेत (मंडळीत मुलांसाठी भरणाऱ्या बायबलच्या वर्गात) १९७६ साली बक्षीस म्हणून मिळालेली एक छोटी प्रत अजून माझ्याकडे आहे. तिच्यात नव्या करारातल्या, पौल प्रेषिताच्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं नववं वचन उजव्या पानाच्या अगदी तळाशी संपतं. दहावं वचन पान उलटल्यावर. आम्हाला पाठांतराला आठ आणि नऊ होती: "कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे", हे देवाचं दान आहे, आणि कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून ते कर्मे केल्याने झालेलं नाही. तेवढं म्हटलं की टाळ्या आणि खाली बसायचं. पान कधी उलटलंच नाही. जवळजवळ पन्नास वर्षं ही दोन वचनं मला झोपेतही म्हणता येत होती आणि तिसरं मला माहीतच नव्हतं असं म्हटलं तरी चालेल.

नव्या प्रतीत ही तिन्ही वचनं एका रकान्यात एकाखाली एक आली आहेत. आईचं बोट नऊवरून सरळ दहावर उतरलं. "आपण त्याची हस्तकृती आहोत." सत्कृत्ये करत जगावं म्हणून घडवलेली माणसं, आणि ती सत्कृत्ये देवानं आधीच योजून ठेवलेली. आठव्यात तारण फुकट, नवव्यात कर्मांचा अभिमान बंद, आणि दहाव्यात लगेच सत्कृत्ये. मी आईला म्हटलं, "थांब, परत वाच." तिनं परत वाचलं. मग आम्ही दोघंही गप्प बसलो.

मी का थांबवलं, त्यासाठी माझ्या नोकरीबद्दल सांगावं लागेल. चौतीस वर्षं एका पतसंस्थेत होतो, त्यातली बावीस सोनेतारण कर्जाच्या टेबलावर. 'तारण' हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा लिहिला आहे. बाई येणार, पदराआडून पुडी काढणार. सराफ दागिना कसोटीवर घासणार, वजन करणार, खड्यांचं आणि लाखेचं वजन वजा करणार. निव्वळ वजन, कस, किंमत. किमतीपेक्षा कमीच रक्कम कर्जाला. पुडी सीलबंद, तिच्यावर बाईची सही किंवा अंगठा, आणि तिजोरीत. ज्याच्याजवळ ठेवायला काही नाही त्याला विनातारण कर्ज, पण मग दोन जामीनदार आणा. पेरणीच्या तोंडावर पाटल्या काढून ठेवणाऱ्या बायकांचे हात मला आठवतात. पाटली निघत नसली की त्या साबण मागायच्या.

रविवारी मंडळीत तोच शब्द यायचा. तारण, तारणारा, तारणप्राप्ती. शब्द एकच, तरण्या-तारण्यातला, दोन्हीकडे वाचवणारा. पण आता खरं सांगतो: माझ्या मनात टेबलावरचाच अर्थ घट्ट बसला होता. देवाकडून काही हवं तर त्याच्याकडे काहीतरी ठेवावं लागतं. दशांश ठेवला, उपासना चुकवली नाही, कुणाला फसवलं नाही, आजाऱ्याला भेटून आलो. ही माझी पुडी, सीलबंद, तिजोरीत. तोंडानं आठ-नऊ म्हणत होतो आणि मनानं पावती जपत होतो.

आमच्या पाळकसाहेबांनी एकदा उपदेशात सांगितलं होतं की रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल जो 'गणणे' असा शब्द वापरतो तो मूळ ग्रीकमध्ये हिशेबातला शब्द आहे आणि त्या एका अध्यायात अकरा वेळा येतो. तेव्हा ते कानावरून गेलं. या वेळी आईबरोबर तो अध्याय मोठ्या अक्षरात वाचला आणि बोटानं मोजला. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी. ते त्याचं हक्काचं येणं असतं, मेहरबानी नसते. आणि जुन्या करारातल्या अब्राहामानं देवावर विश्वास ठेवला, तो विश्वासच त्याच्या खात्यावर नीतिमत्त्व म्हणून जमा धरला गेला. कधी? सुंतेच्या आधी. म्हणजे त्यानं एकही पुडी तिजोरीत ठेवायच्या आधी. खातं कोरं असताना जमेची नोंद झाली. आमच्या पतसंस्थेत अशी नोंद सापडली असती तर लेखापरीक्षकानं लाल शाईनं गोल केला असता. सुवार्ता ती हीच. इब्री लोकांस पत्रात येशूला चांगल्या कराराचा 'जामीन' म्हटलंय. आता त्या शब्दाशी आलो की मला पुढं वाचवत नाही. जामीनदार मिळवण्यासाठी माणसं कुणाकुणाच्या दारात उभी राहतात ते मी पाहिलंय. इथं जामीनदार आपणहून आला.

आईचं वेगळंच निघालं, आणि ते मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

ती एका मिशन दवाखान्यात एकतीस वर्षं आया होती. रात्रपाळ्या, बाळंतिणी, मलमूत्र, सगळं. घरी कधी पूर्ण डबा परत आला नाही, वॉर्डात कुणाला तरी दिलेला असायचा. रविवारी उपासनेनंतर ती आम्हाला घेऊन आजाऱ्यांच्या घरी जायची. तिला लोक देवमाणूस म्हणतात आणि मीही तेच समजत आलो.

इफिसकरांचं ते पान वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं ग्रंथ उघडू दिला नाही. म्हणाली, बस. आणि १९७२ सालचं सांगायला लागली. दुष्काळ. आमच्या जिल्ह्यात खडी फोडायची कामं चाललेली, पोरांना सुकडी मिळायची. आईची रात्रपाळी होती. मध्यरात्रीनंतर दाराशी एक बाई आली, कामावरची, अंगावर खडीची पांढरी धूळ. कडेवर पोर, त्याला दिवसभर जुलाब. वॉर्ड खाली जमिनीपर्यंत भरलेला, डॉक्टर घरी गेलेले. आईची सलग तिसरी रात्र होती. ती म्हणाली, "सकाळी ये." बाई काही बोलली नाही. वळली आणि गेली. तिच्या हातात सुकडीचा रिकामा डबा होता, तो चालताना वाजत होता.

सकाळी ती बाई आली नाही. आईनं चार दिवस दाराकडे पाहिलं. पुढं काय झालं ते तिला कधीच कळलं नाही.

"मी फेडत होते रे," आई म्हणाली. "तुम्हाला वाटायचं मी चांगली आहे. मी हप्ते भरत होते. त्या दिवसानंतर दारातून कुणाला परत पाठवलं नाही. पण ते फिटत नाही. आता हात चालत नाहीत, आता कशानं फेडू?"

बावन्न-त्रेपन्न वर्षं ती हप्ते भरत होती आणि मी शेजारी बसून टाळ्या मिळवून देणारी दोन वचनं पाठ म्हणत होतो. मला काही बोलता आलं नाही. मी काय बोलणार होतो? मग तिनंच ग्रंथ मागितला. काळा कागद मागे सरकवला. बोट आठव्या वचनावर ठेवलं. "झालेले आहे," तिनं वाचलं. "होईल असं नाही लिहिलं." आणि पुन्हा, "झालेले आहे."

ते क्रियापद मी हजार वेळा म्हटलं होतं.

पण आई सहज मान डोलवणारी नाही. दोन दिवसांनी स्वयंपाकघरात लसूण सोलता सोलता तिनं विचारलं, "मग एवढं केलं ते सगळं वायाच का?" तेव्हा मी तिला याकोबाचं पत्र काढून दिलं. ज्याला हा विषय खरोखर समजून घ्यायचाय त्यानं पौल आणि याकोब एकाच आठवड्यात वाचावेत असं माझं मत झालंय. पौल रोमकरांस पत्रात म्हणतो माणूस नियमशास्त्रातल्या (मोशेच्या नियमांतल्या) कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब म्हणतो "केवळ विश्वासाने नव्हे", आणि क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे, जसं आत्म्यावाचून शरीर. दोघंही साक्षीला अब्राहामालाच उभं करतात. 'केवळ विश्वासाने' हे शब्द अख्ख्या नव्या करारात असे जोडीनं येतात ते याकोबाच्या पत्रात, आणि तेही नकार देण्यासाठी. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरनं १५२२ साली जर्मन नवा करार छापला तेव्हा रोमकरांस पत्रात 'केवळ' हा शब्द आपल्याकडून घातला, आणि याकोबाचं पत्र त्याला तितकंसं रुचलं नाही. मराठीत रोमकरांमध्ये तो 'केवळ' नाही.

एक गोष्ट या प्रतीत हवी होती ती म्हणजे तळटिपा. मूळ ग्रीकमध्ये पौल आणि याकोब दोघंही कामासाठी एकच शब्द वापरतात. आपल्या मराठीत पौलाकडे तो 'कर्मे' झालाय, याकोबाकडे 'क्रिया', आणि इफिसकरांच्या दहाव्या वचनात 'सत्कृत्ये'. भाषांतरकारांनी विचार करूनच केलं असणार आणि अर्थाला मदतही होते. पण आपल्याकडे 'कर्म' म्हटलं की माणसाच्या मनात लगेच करावे तसे भरावे येतं, मागच्या जन्माचा हिशेब येतो. मला समजतं तसं, पौल रोमकरांच्या त्या वचनात बोलतोय ते सुंता, खाणंपिणं, सणवार पाळणं अशा नियमशास्त्राच्या कामांबद्दल, ज्यांच्या आधारावर कुणी देवापुढं छाती पुढं काढेल. याकोब बोलतोय तो उघड्याला वस्त्र आणि भुकेल्याला भाकर देण्याबद्दल. नुसतं 'सुखानं जा' म्हणून दारातून परत पाठवणाऱ्या विश्वासाबद्दल. हे वचन वाचताना आईचा आवाज थरथरला, ते मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो. तळाला दोन ओळींची टीप असती तर साध्या वाचकाचा केवढा गोंधळ वाचला असता.

मग तिनंच जक्कयाची गोष्ट काढली. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात. जकातदारांचा मुख्य, श्रीमंत, ठेंगणा, उंबराच्या झाडावर चढलेला. आईनं ती गोष्ट शब्बाथ शाळेत पोरांना कितीदा सांगितली असेल! या वेळी तिचं बोट एका जागी थांबलं. "बघ, आधी घरी येतो म्हणाला. जक्कयानं अर्धं द्रव्य गरिबांना देतो, चौपट परत करतो म्हटलं ते मागून." एवढंच बोलली. मला वाटतं, कृपा, विश्वास आणि सत्कृत्ये कुठल्या क्रमानं येतात हे याहून सोपं कुणी सांगू शकणार नाही. जक्कय फेडतो, मन लावून फेडतो, पण येशू जेवायला यावा म्हणून तो फेडत नाही. येशू आलेला आहे म्हणून फेडतो.

इथं पंडिता रमाबाईंची आठवण काढल्याशिवाय मला राहवत नाही. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पुढं आपल्या साक्षीत त्यांनी स्वतः लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. एवढी विद्वान बाई, शारदा सदन १८८९ मध्येच काढलेलं, सत्कृत्यांची काही कमी नाही, आणि तरी हे लिहायचं धैर्य! केडगावचं मुक्ती मिशन आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली हे सगळं त्यानंतरचं. (केडगाव म्हणजे दौंडकडचं, आमच्या नगरला चिकटलेलं नव्हे.) शेवटची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली, कमी शिकलेल्या बायांना कळावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या. छापलेला ग्रंथ १९२४ सालचा, मुक्तीच्याच छापखान्यातला. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "अक्षर मोठं होतं का?"

आणखी एका माणसाचं ऋण मान्य करायला हवं. पतसंस्थेत माझ्या शेजारच्या टेबलावर श्रीरामपूरकडचे एक कॅथलिक सहकारी होते. दर सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जायचे आणि येताना आम्हाला प्रसाद आणायचे. आमचा वाद ठरलेला: तुम्ही कर्मांवर विसंबता, आम्ही विश्वासावर. परवा ते आईला भेटायला आले तेव्हा मी तोच जुना वाद काढला. ते शांतपणे म्हणाले, "आम्हाला कधी कुणी शिकवलं नाही की कर्मांनी तारण विकत मिळतं." आणि ते खरं आहे. मी नंतर वाचून काढलं. कॅथलिकांच्या त्रेंतच्या धर्मसभेनं १५४७ मध्येच म्हटलंय की नीतिमान ठरवलं जाण्याआधीचं काहीही, विश्वास असो की कर्मे, ती कृपा कमावू शकत नाही. आणि १९९९ च्या ३१ ऑक्टोबरला जर्मनीत ऑग्सबर्गला लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक ख्रिस्तसभा यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: आपल्या कुठल्याही गुणामुळे नव्हे, केवळ कृपेनं, ख्रिस्तावरच्या विश्वासात देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपली अंतःकरणं नवी करून आपल्याला सत्कृत्यांसाठी सिद्ध करतो. प्रोटेस्टंटांतले मेथडिस्ट २००६ मध्ये त्यात सामील झाले, रिफॉर्म्ड मंडळ्या २०१७ मध्ये. सगळे मतभेद मिटलेत असं नाही. आपल्या मराठीत 'नीतिमान ठरतो' आहे. त्यात ठरण्यावर, निकालावर जोर येतो. माझे सहकारी म्हणतात, देव ठरवतो तसं करतोही, नुसता निकाल देऊन सोडत नाही. मला आता त्यांच्या म्हणण्यात आणि दहाव्या वचनातल्या 'हस्तकृती'त फार अंतर दिसत नाही. हे तेव्हाच टेबलावर बसून बोलायला हवं होतं, आम्ही दोघांनी बावीस वर्षं फुकट घालवली याचं मला वाईट वाटतं.

त्यांचीही दृष्टी आता कमी झालीय. आईनं त्यांच्या हातात ग्रंथ दिला, काळा कागद कसा सरकवायचा ते दाखवलं. ते गेल्यावर मला म्हणाली, एक प्रत त्यांना मागव, पैसे माझ्या पेन्शनीतून घे. मी म्हटलं, "हप्ता का?" असं विचारायला नको होतं, पण तोंडून गेलं. तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "नाही रे," ती म्हणाली. "त्याला दिसत नाही म्हणून."

तर शेवटी घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. घरात म्हातारं माणूस असेल, त्याचं वाचन डोळ्यांमुळे बंद पडलं असेल, तर ही आवृत्ती जरूर घ्या. कागद पातळ आहे, टिपा नाहीत, नकाशे पुसट आहेत, वजन जास्त आहे. प्रवासात न्यायची नाही. दुकानात नसेल तर महिना-दीड महिना धरून चाला आणि आल्यावर कोपरे आणि शिवण तिथंच तपासा. फोनवरच्या वाचनाला मी नावं ठेवत नाही, ज्याला अजिबात दिसत नाही त्याला तेच बरं. पण ज्याला थोडं तरी दिसतं त्याला थांबायची मुभा हवी, आणि ती कागदावरच मिळते.

लग्नातल्या जुन्या प्रतीच्या पहिल्या पानावर वडिलांनी आईचं नाव आणि तारीख लिहिली होती. नव्या प्रतीच्या पहिल्या पानावर आईनं परवा स्वतः लिहिलं. पेन कापत होतं, पण कुणाला धरू दिलं नाही. 'इफिस २:८-९' एवढं लिहून झालं, मग नऊ खोडून तिनं दहा केलं.

दुसरी प्रत पुढच्या आठवड्यात येईल. ती घेताना मी दुकानातच इफिसकरांचं पत्र उघडणार आहे, आणि तुम्हीही उघडा. आठ, नऊ, दहा एकाच पानावर आहेत ना, एवढं बघून घ्या.